आठवड्यातले नऊ तास

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी पुण्यात संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला शिकते आणि आठवड्यातले नऊ तास सिनेमे पाहते. यातला पहिला भाग ऐकला की लोक म्हणतात, 'बाप रे, अवघड असेल!' दुसरा भाग ऐकला की विचारतात, 'मग अभ्यास कधी करतेस?' त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून माझा एक आठवडाच तुमच्यापुढे मांडते.

नऊच तास का, ते आधी सांगायला हवं. माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत, करमाळा आगारात. ड्यूटी संपली की तिकिटं आणि पैसे यांचा मेळ बसल्याशिवाय त्यांची सुटका नसते. दहा रुपये कमी भरले तर खिशातून घालावे लागतात. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा हिशोब मांडूनच ती पटवावी लागते. पुण्याला निघताना मी त्यांना म्हटलं, 'मला सिनेमे आवडतात, मी तिथं बघणार.' ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'बघ की. पण किती तास आणि ते कुठनं काढणार, ते सांग. बिनतिकिटाचा प्रवास नको.'

आठवड्याचे तास १६८. त्यातून कॉलेज, प्रॅक्टिकल, अभ्यास, झोप, मेसची रांग, कपडे धुणं असं सगळं वजा केलं. दोन घरी मी नववीच्या मुलांना गणित शिकवते, ते सहा तास वजा केले. राहिले नऊ. त्यातही एक मेख आहे. माझी हॉस्टेलची फी एक ट्रस्ट भरतो. अट एकच, प्रत्येक सत्रात साठ टक्क्यांच्या खाली यायचं नाही. आले तर फी बंद, फी बंद तर हॉस्टेल बंद, आणि हॉस्टेल बंद झालं तर करमाळ्याहून रोज जाऊन येऊन पदवी होत नाही. तेव्हा नऊचे दहा होत नाहीत. परीक्षेच्या महिन्यात नऊचे तीन होतात.

एवढ्या मोजक्या तासांत काय बघायचं? समोर येईल ते बघत बसलं तर मोबाइल काही संपू देत नाही. म्हणून मी जोडीनं बघते. एकच गोष्ट दोनदा सांगितलेले दोन सिनेमे घ्यायचे, लागोपाठ नाही, पण एकाच आठवड्यात बघायचे आणि वहीत समोरासमोर टिपणं काढायची. ही खोड लॉकडाऊनमधली. आमची २०२१ची दहावीची बॅच, परीक्षा न देताच पास झालेली. त्यावरून अजून टोमणे ऐकतो आम्ही. त्या वर्षी घरात एकच फोन होता, त्यावर दिवसा शाळा आणि रात्री सिनेमा. वडिलांनी एका रात्री व्ही. शांताराम यांचा १९७२चा 'पिंजरा' लावला. पुढं कधीतरी मला कळलं की त्या कथेचं मूळ १९३०च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटात आहे. तोही मिळवून पाहिला. दोन्हीकडे शिस्तीचा मास्तर आणि स्टेजवर नाचणारी, गाणारी बाई. पण जर्मन मास्तर विदूषक होऊन कोंबड्यासारखा आरवतो आणि संपतो. आमचा मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जायला तयार होतो, का, तर गावानं त्याचा पुतळा उभारलाय आणि त्या पुतळ्याला डाग लागू नये म्हणून! तिथं माणूस मोडतो, इथं माणसापेक्षा पुतळा जपायचा असतो. हे मला 'पिंजरा' एकटा बघून दिसलं नसतं. तेव्हापासून वही सुरू झाली.

आता त्या आठवड्याकडे येते. सोमवारी प्रॅक्टिकलला सरांनी जी आकडेवारी दिली, ती संख्याशास्त्रात फार प्रसिद्ध आहे. विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ डब्लिनमधल्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. कंपनीच्या नियमांमुळे त्यांना स्वतःच्या नावानं लेख छापता येईना. म्हणून १९०८मध्ये त्यांनी आपला तो गाजलेला निबंध 'स्टुडंट', म्हणजे 'विद्यार्थी' या टोपणनावानं छापला. आज जगभर जी 'टी टेस्ट' शिकवतात ती त्या विद्यार्थ्याची. आणि त्या निबंधात उदाहरण कशाचं आहे? झोपेचं. दहा रुग्णांना दोन वेगवेगळी झोपेची औषधं दिली आणि प्रत्येक औषधानं झोप किती तासांनी वाढली ते मोजलं. पहिल्या औषधानं सरासरी पाऊण तास, दुसऱ्यानं सरासरी दोन तास वीस मिनिटं.

तुम्ही म्हणाल, मग दुसरं औषध चांगलं, यात काय शिकायचं! पण गंमत पुढे आहे. हे आकडे दोन वेगळ्या गटांचे आहेत असं समजून गणित केलं तर उत्तर येतं की फरक ठामपणे सांगता येत नाही, योगायोगही असू शकेल. कारण माणसामाणसांत फरकच इतका असतो की औषधाचा फरक त्यात बुडून जातो. मात्र तीच दहा माणसं आहेत हे लक्षात घेऊन प्रत्येकाची स्वतःशीच तुलना केली, की चित्र स्वच्छ होतं. दहापैकी नऊ जण दुसऱ्या औषधानं जास्त झोपले, एकाला दोन्ही सारखीच. आकडे तेच, उत्तर वेगळं. जोडी लावली म्हणून दिसलं.

आदल्या रात्री पाच तास झोपून मी हे उदाहरण सोडवत होते, हे जाता जाता सांगते. तरीही माझी झोप उडाली. मी वहीत चार वर्षं जे करत होते, त्याला नाव मिळालं होतं. आणि लगेच शंकाही आली, की माझ्या जोड्या खऱ्या जोड्या आहेत का? 'पिंजरा' आणि 'द ब्लू एंजल'मध्ये बेचाळीस वर्षांचं अंतर, देश वेगळा, भाषा वेगळी, नट वेगळे. काय कशामुळे बदललं, हे सांगणार कसं? एकच गोष्ट बदललीय आणि बाकी सगळं तेच, अशी सिनेमाची जोडी असते का?

असते. आणि ती माझ्या हॉस्टेलपासून चालत वीस मिनिटांवर तयार झाली होती.

प्रभात फिल्म कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३मध्ये पुण्यात आली. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथं तिचा स्टुडिओ होता. प्रभात रस्त्याचं नाव त्यावरूनच. बोलपट नुकते सुरू झाले होते, एका भाषेतल्या चित्रपटाला दुसऱ्या भाषेचे आवाज चढवण्याची पद्धत रुळलेली नव्हती. मग ही मंडळी एकच चित्रपट दोनदा काढायची. तोच सेट, तेच कपडे, तेच दिग्दर्शक, बरेचदा तेच नट, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. १९३७चा 'कुंकू' आणि त्याचा हिंदी जुळा भाऊ 'दुनिया न माने' ही तशी जोडी. दोन्हींत शांता आपटे नायिका, दोन्हींत केशवराव दाते म्हातारा नवरा, दिग्दर्शक शांताराम. गॉसेट साहेबांनाही यापेक्षा चांगली जोडी मिळाली नसती.

सोमवारी रात्री 'कुंकू' पाहिला. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा सिनेमा म्हणजे कंटाळा येईल, अशी माझ्या रूममेट्सची खात्री होती, त्या अर्ध्या तासात झोपणार होत्या. झोपल्या नाहीत. नीरा नावाची अनाथ मुलगी, मामा तिला पैशासाठी म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतो. आणि ती मुलगी रडत बसत नाही, ती हे लग्न लग्न म्हणून मानायलाच नकार देते. त्याच घरात, त्याच छपराखाली राहून. सिनेमाभर पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे. त्यामुळे कोणी गप्प झालं की ती शांतता अंगावर येते. म्हाताऱ्याची विधवा मुलगी झाली आहेत शकुंतला परांजपे. प्रत्यक्षात त्या संततिनियमनाचं काम करणाऱ्या, सई परांजपे यांच्या आई. पडद्यावर चार पावलं टाकल्या की कळतं, ही बाई अभिनय थोडा आणि स्वतःचं मत जास्त बोलतेय. मला त्या फार आवडल्या.

मंगळवार आणि बुधवार सिनेमाविना गेले. गुरुवारी जर्नल द्यायचं होतं, त्यात अकरा प्रॅक्टिकल्स, चारवर सह्या नव्हत्या. हॉस्टेलमध्ये अशा रात्री कशा असतात ते ज्यांनी काढल्यात त्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी कल्पना करा की सहा मुली, एक प्रिंटर आणि त्या प्रिंटरमध्ये शाई नाही.

गुरुवारी जर्नल दिलं आणि एक तास 'दुनिया न माने'ला दिला. अख्खा पाहायला वेळ नव्हता. 'कुंकू' बघताना ज्या सात जागा टिपल्या होत्या, तेवढ्याच शोधून पाहिल्या. प्रसंग तेच. भिंतीवरचं घड्याळ तेच. शांता आपटेंच्या डोळ्यांतली ठिणगी तीच. पण मला मराठी नायिका घरातली वाटली आणि हिंदी नायिका सभेतली. आधी म्हटलं, हा माझ्या मराठीपणाचा दोष असेल. मग नावांकडे लक्ष गेलं. मराठी नाव बघायला लावतं तिच्या कपाळाकडे. हिंदी नाव बघायला लावतं जगाकडे. शिवाय मराठी प्रेक्षकाच्या मागे १८९९पासून देवलांची 'शारदा' उभी होती. म्हाताऱ्याशी लावलेलं लग्न म्हटलं की त्याला अर्धी गोष्ट आधीच ठाऊक. हिंदीच्या प्रेक्षकाला ती ठाऊक असेलच असं नाही. म्हणजे या जोडीत सगळं सारखं ठेवून बदललं काय? बघणारा. पडद्यावर काय आहे हे अर्धंच, बघणाऱ्याला काय न सांगता कळतं हे दुसरं अर्धं.

शुक्रवारी वीस मार्कांची परीक्षा होती. त्यात प्रश्न आला दोन खतांच्या तुलनेचा. प्रत्येक शेताचे दोन तुकडे, एकात एक खत, दुसऱ्यात दुसरं. शेजारचीनं पेपर झाल्यावर सांगितलं की तिनं दोन स्वतंत्र गट धरले. मी जोडी धरली. शेत तेच, पाऊस तोच, खत तेवढं बदललं. आणि खरं सांगते, लिहिताना डोळ्यांपुढे शेत नव्हतं, नीरा होती.

आणि आता ज्या जोडीसाठी आठवडाभर तास राखून ठेवले होते ती. 'सैराट' आणि 'धडक'. एक २०१६चा, १७४ मिनिटांचा, नागराज मंजुळे यांचा. दुसरा २०१८चा, त्याचं हिंदी रूप. शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी थोडा वेळ रेडिओचा आवाज कमी करावा.

'सैराट' आमच्या करमाळा तालुक्यातला. तो आला तेव्हा मी पाचवीत होते. ज्या रस्त्यांवरून बुलेट जाते ते रस्ते आमच्या बसचे. थिएटरात लोक नुसते पडद्याकडे बोट दाखवत होते, 'ए, ते बघ!' शनिवारी रात्री आम्ही खोलीत चौघींनी परत पाहिला. त्यातली एक इंदूरची, सबटायटल्स वाचत होती. नव्या सरांनी नाव विचारलं म्हणून प्रिन्स भर वर्गात त्यांच्या कानाखाली वाजवतो, तिथं ती म्हणाली, 'पण इतकं काय झालं?' लातूरची हसली. म्हणाली, 'अगं, पाटील आहे तो.' इंदूरची म्हणाली, 'मग?' आणि त्या 'मग?'चं उत्तर द्यायला आम्हाला सिनेमा थांबवून पंधरा मिनिटं लागली. आम्हाला आडनावावरून, घराच्या जागेवरून, विहिरीवर कोण कुणाला काय म्हणतं यावरून जे कळतं, ते तिला कुठंच लिहिलेलं दिसत नव्हतं.

रविवारी दुपारी 'धडक'. उदयपूर, राजवाड्यासारखं घर, मुलीचे वडील निवडणुकीच्या राजकारणात. पळून जायचं हैदराबादऐवजी कोलकात्याला. अजय-अतुल तेच आणि 'झिंगाट'ही आहे. जातीचा उल्लेख येतो, पण ओझरता, पाहुण्यासारखा. ही जोडी संख्याशास्त्राच्या दृष्टीनं वाईट जोडी आहे. दिग्दर्शक, गाव, भाषा, नट, लांबी सगळंच बदललंय. (२०१७मध्ये 'मनसु मल्लिगे' नावाचं कन्नड रूप आलं, त्यात रिंकू राजगुरूच नायिका आहे. ती जोडी जास्त बरी पडेल, पुढच्या सत्रात बघणार आहे.) तरी शेवटाची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. 'सैराट'मध्ये आर्ची आणि परश्या दोघंही मारले जातात, तान्हं पोर वाचतं. आवाज बंद होतो आणि ते पोर रक्ताची पावलं उमटवत दारातून बाहेर जातं. 'धडक'मध्ये नवरा आणि बाळ जातात, मुलगी वाचते आणि किंचाळते. मी वहीत लिहिलं, 'पहिल्यात आपल्याला रडायलाही कोणी उरत नाही. दुसऱ्यात आपल्या वतीनं रडायला नायिका ठेवली आहे, म्हणून आपण सुटतो.' वाक्य मला आवडलं होतं. संध्याकाळी मी ते माझ्या आतेबहिणीला फोनवर वाचून दाखवलं.

तिच्याबद्दल थोडं सांगते, तिला विचारूनच सांगतेय. २०१६मध्ये ताई एफवायला होती, रोज एसटीनं तालुक्याला जायची. 'सैराट' सगळ्या घरानं मिळून पाहिला. घरी येताना कोणी बोललं नाही. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा ताईचा पास काढला गेला नाही. तिचं कुणाशी काही नव्हतं. फक्त सिनेमा पाहिला होता. पुढच्या वर्षी लग्न झालं. आता तिची मुलगी पहिलीत आहे.

ताईनं 'धडक' मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिलेला होता. माझं वाक्य ऐकून ती म्हणाली, 'तुझं लिहिणं झ्याक आहे. पण मला विचारशील तर पोरीनं वाचावं.'

मी म्हटलं, 'अगं, पण तो शेवट सोपा आहे. सैराटचा शेवट झोप उडवतो.'

'झोप उडाली ना,' ती म्हणाली, 'आमच्या घरच्यांची उडाली. सकाळी उठून त्यांनी मला घरात बसवलं. अशी गत होते, म्हणाले. मारणाऱ्यानं मारलं हे कुणी बोललंच नाही. पोरगी पळाली, मेली, एवढंच राहिलं डोक्यात. ती जिती राहिली असती, कोर्टात उभी राहून भावाकडं बोट दाखवलं असतं, तर काय म्हणाले असते सांग की? मेलेलं माणूस साक्ष देत नाही गं.'

मी गप्प होते. तीच म्हणाली, 'सिनेमा तुझाच चांगला आहे. मी शेवटाचं बोलतेय.'

श्रोतेहो, 'सैराट' हाच मोठा सिनेमा आहे, हे माझं मत कायम आहे. ते रक्ताचं पाऊल ज्यानं दाखवलं त्याच्यावर आमच्या आत्याच्या घरातल्या निर्णयाची जबाबदारी टाकता येत नाही. पण आठवडाभर मी ज्या गोष्टीमागे होते, की बदललं काय, तर बघणारा, ती गोष्ट मला 'कुंकू'मध्ये भाषेच्या सीमेवर सापडली होती. ताईच्या बाबतीत तशी सीमाच नव्हती. तोच तालुका, तेच थिएटर, तीच बोली, एकाच रांगेत बसलेली माणसं. मी पाचवीतली, मला बुलेट दिसली. आत्याच्या यजमानांना पळालेली मुलगी दिसली. ताईला काय दिसलं ते तिला त्या वेळी कुणी विचारलंच नाही. मी सुद्धा विचारलं ते इतक्या वर्षांनी, तेही वहीत लिहायला मजकूर हवा होता म्हणून. वहीत आता त्या पानावर दोन रकाने आहेत, एक माझा, एक ताईचा. दोन्ही तसेच ठेवलेत.

हिशोबाचं सांगायचं राहिलं. 'कुंकू'चे पावणेतीन तास, 'दुनिया न माने'चा एक, 'सैराट'चे जवळजवळ तीन, 'धडक'चे सव्वादोन. बेरीज नऊ. ताईशी फोनवर झालेला पाऊण तास मी कुठल्या खात्यात टाकावा, हे वडिलांना विचारलं. ते म्हणाले, 'तो नको धरू.' परीक्षेत वीसपैकी सतरा पडले.

ताईला मी 'कुंकू'ची लिंक पाठवली आहे. मुलगी शाळेत गेली की स्वयंपाक आवरून ती रोज अर्धा तास पाहते. काल रात्री तिचा मेसेज आला, की नीरानं म्हाताऱ्याच्या वाह्यात पोराला छडीनं बडवलं तो भाग तिनं दोनदा पाहिला. अजून तासभर सिनेमा बाकी आहे आणि शेवट सांगायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे.